साथीच्या काळात खेळाडूंनी काय सांगावं आणि काय करून दाखवावं

पेठ तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलं आहे: "कोरोनाच्या काळात क्रिकेटपटूंनी आणि इतर नामवंत खेळाडूंनी मास्क, हात धुणं, लस यांवर एवढे व्हिडिओ केले. त्याचा लोकांवर खरंच परिणाम झाला का? आणि पुन्हा अशी साथ आली तर आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूंकडून काय करून घ्यावं?" शेवटी त्यांनी आपल्या शाळेच्या कबड्डी संघाबद्दलही लिहिलं आहे.

सर, एका शब्दात उत्तर देता येणार नाही. पण खेळाडूने तोंडाने सांगितलेल्या गोष्टींपेक्षा त्याने स्वतः केलेल्या गोष्टी लोकांच्या जास्त लक्षात राहिल्या, एवढं मी नक्की सांगू शकते. मी सामाजिक वैद्यकशास्त्राची डॉक्टर आहे. वीसेक वर्षं नाशिक जिल्ह्यात लसीकरण, क्षयरोग आणि साथरोगांच्या कामात गेली. 2020 ते 2022 या काळात खेळाडूंना घेऊन आरोग्याचे संदेश तयार करण्याचं कामही माझ्याकडे होतं. त्यातलं काही जमलं, काही फसलं. दोन्ही सांगते.

आधी मैदानावरची एक गोष्ट. डिसेंबर 2020 मध्ये सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालायला गेले होते. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असलं तरी आपण सगळे गोल्फ क्लबच म्हणतो. बारा-तेरा वर्षांची पोरं लेदर बॉलवर सराव करत होती. रनअपला निघालेल्या एका मुलाने सवयीने बोटाला जीभ लावली, तोच मिड-ऑफवरून दुसरा ओरडला, "ए, थुंकी नको! रूल बदललाय!" पहिल्याने बोट पँटला पुसलं, कपाळाचा घाम घेतला, बॉल घासला आणि धावत सुटला. दोघांच्याही तोंडावर मास्क नव्हता. मैदानाच्या कुंपणावर मात्र 'मास्क वापरा' असा आम्हीच लावलेला फलक होता आणि त्यावर एका खेळाडूचा हसरा फोटो होता.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. त्या फलकावर आमचे पैसे गेले होते, बैठका झाल्या होत्या. थुंकी न लावण्याबद्दल मात्र आम्ही कुणीच त्या पोरांना काही सांगितलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जून 2020 मध्ये चेंडूला लाळ लावायला बंदी घातली. 8 जुलैला साउथॅम्प्टनला इंग्लंड आणि वेस्ट इंडिजची कसोटी सुरू झाली आणि बंद पडलेलं क्रिकेट परत आलं. त्याच मालिकेत मँचेस्टरला डॉम सिब्लीकडून चुकून चेंडूला लाळ लागली, तेव्हा पंचांनी चेंडू हातात घेऊन पुसून निर्जंतुक केला. पोरांनी हे टीव्हीवर पाहिलं होतं. लहानपणापासून हाताला लागलेली सवय मोठे खेळाडू खेळता खेळता मोडतात, चुकलं तर पंच थांबवतात आणि खेळ पुढे चालू राहतो. शिकवायला कुणी आलं नाही, तरी गोल्फ क्लबवरचा मिड-ऑफचा मुलगा ते शिकला.

टोकियो ऑलिंपिकचंही असंच. 2020 ची स्पर्धा वर्षभर पुढे ढकलून 2021 च्या जुलैत झाली, प्रेक्षकांविना. विजेत्यांनी मास्क लावून मंचावर उभं राहायचं आणि ताटातलं पदक स्वतः उचलून स्वतःच्या गळ्यात घालायचं. फोटोपुरता तीस सेकंद मास्क काढायची मुभा होती. आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण, आणि त्यातही नियम पाळलेला. त्या आठवड्यांत गावोगावच्या बैठकांत मास्कवर बोलताना मला फार शब्द लागले नाहीत. 7 ऑगस्टला नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं. त्यानंतर लोकच सांगायचे, अहो, त्यानंसुद्धा मास्क लावला होता.

म्हणजे नुसते व्हिडिओ वाया गेले का? तसंही नाही. 3 एप्रिल 2020 ला पंतप्रधानांनी देशातल्या चाळीसेक खेळाडूंशी दूरसंवादाने बोलून संकल्प, संयम, सकारात्मकता, सन्मान, सहयोग अशी पंचसूत्री दिली. दोन आठवड्यांनी बीसीसीआयने 'टीम मास्क फोर्स' हा व्हिडिओ काढला. त्यात सचिन, द्रविड, गांगुली, विराट यांच्यासोबत मिताली राज, हरमनप्रीत आणि स्मृती मानधनाही होत्या. घरी मास्क शिवा आणि लावा, एवढंच सांगणं. त्या दिवसांत त्याचा उपयोग होता. मास्क म्हणजे फक्त डॉक्टरने लावायची वस्तू असं लोकांना वाटत होतं आणि रुमाल बांधून बाहेर पडायची लाज वाटत होती. ती लाज घालवायला मोठ्या माणसांचे चेहरे कामी आले. पण असा संदेश नवी माहिती पोचेपर्यंतच चालतो. मे संपेपर्यंत मास्क लावायचा हे नाशिकच्या भाजीबाजारात प्रत्येकाला माहीत झालं होतं. न लावणाऱ्यांची कारणं वेगळी होती. दम लागतो, चष्म्यावर वाफ येते, गिऱ्हाइकाला बोलणं ऐकू जात नाही, आता काय होतंय असं वाटतं. यातल्या एकाही कारणाला व्हिडिओत उत्तर नव्हतं आणि आम्ही तेच तेच पुन्हा दाखवत राहिलो.

खेळाडूचं आजारपण हा याहून महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

27 मार्च 2021 ला सचिन तेंडुलकरने स्वतःचा अहवाल पॉझिटिव्ह आल्याचं जाहीर केलं. 2 एप्रिलला डॉक्टरांच्या सल्ल्याने खबरदारी म्हणून रुग्णालयात दाखल होत असल्याचं कळवलं आणि 8 एप्रिलला घरी परतल्याचं सांगितलं. ही तारखांची साधी ओळ. पण त्या वेळी आपल्या खेड्यापाड्यांत काय चाललं होतं ते आठवा. 'दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही' ही भीती इतकी घट्ट होती, की ऑक्सिमीटर 86, म्हणजे ऑक्सिजन फार कमी, दाखवत असतानाही नातेवाईक रुग्णाला घरी झाकून ठेवत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरभेटींमध्ये मी स्वतः हे वापरलं. "सचिन गेला ना दवाखान्यात? बरं वाटत असतानाही गेला. तुमचे बाबा तर धापा टाकतायत." दिंडोरीकडच्या एका घरात मुलाने एवढ्यावर गाडी काढली. माझ्या वीस मिनिटांच्या बोलण्याने तो हलला नव्हता.

आपला आजार न लपवता सांगण्याची ही ताकद जुनी आहे. 7 नोव्हेंबर 1991 ला अमेरिकेतला बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन पत्रकारांसमोर उभा राहिला आणि आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं म्हणाला. एचआयव्ही म्हणजे 'त्या' लोकांचा रोग असं मानणाऱ्या समाजाला तो धक्का होता. त्यानंतर तिथे तपासणीसाठी चौकशी करणाऱ्यांची आणि तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढल्याची नोंद आहे. तिथल्या आरोग्य खात्यांनी वर्षानुवर्षं पत्रकं वाटली होतीच. पण धडधाकट, सगळ्यांना ओळखीचं शरीर समोर येऊन 'हे मला झालंय' म्हणतं, तेव्हा ऐकणारा स्वतःकडे वळून बघतो.

आता याच सचिनच्या बाबतीत पुढे काय झालं ते सांगते, कारण तुम्ही कुणा खेळाडूला व्यासपीठावर आणाल तेव्हा हे लक्षात राहायला हवं. 24 एप्रिलला, वाढदिवशी, त्याने बऱ्या झालेल्या लोकांना प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दान करण्याचं आवाहन केलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की आपणही देणार असल्याचं सांगितलं. मनापासून केलेलं आवाहन होतं, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण प्लाझ्माने मध्यम स्वरूपाच्या रुग्णांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू टळत नाही, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच, चाचणीत दिसलं होतं. 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवरची ती चाचणी ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाली होती. 17 मे 2021 ला प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला गेला. मधल्या काळात आपल्या नाशिकमधली घरंच्या घरं रक्तगट लिहिलेले संदेश फिरवत, प्लाझ्मासाठी रात्ररात्र फोन करत बसली होती. माणूस मरणाच्या दारात असताना नातेवाईकांचे हे तास गेले. दोष मी खेळाडूला देत नाही. मार्गदर्शक सूचनांतच तो उपचार होता, डॉक्टर चिठ्ठ्या लिहून देत होते. पण उपचाराबद्दल, औषधाबद्दल, डोसबद्दल खेळाडूच्या तोंडून एक वाक्यही येऊ द्यायचं नाही, हा धडा मी त्यातून घेतला. औषधाविषयीचं मत सहा महिन्यांत बदलू शकतं. खेळाडूच्या तोंडून निघालेला शब्द लोकांच्या मनातून इतक्या सहज पुसला जात नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक. एप्रिल 2021 च्या अखेरीस आम्ही एका नामवंत खेळाडूकडून एक मिनिटाचा व्हिडिओ करून घेतला. मजकूर मी लिहिला होता. "लस घ्या, आजच घ्या, जवळच्या केंद्रावर जा." खेळाडूने छान म्हटलं, मोबाइलवर भराभर फिरला. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्यांसाठी लस खुली झाली, आणि लस नव्हती. केंद्रांबाहेर पहाटे चारपासून रांगा, जागा धरायला ठेवलेल्या चपला आणि दगड, आणि नऊ वाजता फाटकावर कागद: आज लस उपलब्ध नाही. 12 मेपासून राज्याला 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण थांबवावंच लागलं. त्या आठवड्यात सत्तरीच्या एका काकांचा फोन आला. त्यांचा दुसरा डोस राहिला होता. म्हणाले, "मॅडम, तो म्हणतो आजच घ्या. मी तीन दिवस रोज आजच येतोय." ते रागावले नव्हते, फक्त थकलेले होते. मला उत्तर देता आलं नाही.

व्हिडिओत जे म्हणायला हवं होतं ते मला नंतर सुचलं. त्या खेळाडूने म्हणायचं होतं: माझा नंबर अजून आला नाही. माझ्या आईचा दुसरा डोस बाकी आहे, तो आधी होऊ दे. तोवर मी मास्क लावून सराव करतोय. हे खरंही होतं आणि तरुण पोरांना रांगेतून बाजूला व्हायला त्याने कारण मिळालं असतं. संदेश देण्याआधी त्या दिवशी किती डोस येणार आहेत ते विचारायचं, हे मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

वेळ चुकली तर चांगला संदेशही जखमेवर मीठ ठरतो. दुसऱ्या लाटेत, 21 एप्रिलला, आपल्याच शहरात रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या संध्याकाळी 'घरच्या घरी फिट राहा' छापाचे, दोरीवरच्या उड्यांचे व्हिडिओ आमच्याकडे तयार होते. सगळे थांबवले. त्या दिवसांत खेळाडूंनी पैसा आणि यंत्रसामग्री उभी केली, हेल्पलाइनचे खरे, तपासलेले नंबर पुढे पाठवले, ते कामाचं होतं. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स आयपीएल खेळायला आला होता. 26 एप्रिलला त्याने ऑक्सिजनसाठी पन्नास हजार डॉलर जाहीर केले. त्याने कुणाला उपदेश केला नाही, आणि म्हणूनच लोकांना ते भावलं.

आता तुमच्या भागाकडे येते. जून 2021. पाऊस नुकताच लागला होता. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात आमचं लसीकरणाचं सत्र होतं. सिस्टर, आशाताई, मी आणि निळा व्हॅक्सिन कॅरियर. कोव्हिशिल्ड लसीची एक व्हायल, म्हणजे छोटी बाटली, दहा डोसची. एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून दहा माणसं बसल्याशिवाय सिस्टर व्हायल उघडत नव्हत्या. साडेअकरापर्यंत चार जण आले होते: सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि तिचा नवरा. बाकीचा पाडा दारांतून बघत होता. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, ही अफवा आमच्या आधी तिथे पोचली होती. नागलीच्या रोपांची कामं होती, ताप आला तर शेतावर कोण जाणार हा प्रश्न तर अगदी खराच होता.

त्या पाड्यावरची एक मुलगी पोलिसात शिपाई आहे. शाळेत असल्यापासून लांब पल्ल्याची धावपटू, राज्य पातळीपर्यंत खेळलेली. ती सुट्टीवर घरी आली होती. आशाताईंनी तिला बोलावलं. ती व्हरांड्यात येऊन भाषण देईल असं मला वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही. आईला हाताला धरून आणलं, बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली. एक म्हातारी पुढे आली आणि तिने सरळ विचारलं, "तू घेतली होती ना गं? ताप आला का तुला?"

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या पत्रकांत 'सौम्य त्रास होऊ शकतो' एवढंच लिहिलेलं असे. ती म्हणाली, "आला की. रात्रभर अंग ठणकत होतं आज्जे. गोळी घेतली. दोन दिवस पळाले नाही. तिसऱ्या दिवशी पळाले पण पाय जड होते. मग झालं नेहमीसारखं. आज सकाळी पाहिलं ना मला, फाट्यापासून पळत आले."

पाहिलं होतं सगळ्यांनी. रोज सकाळी ती रस्त्यावरून जाताना पाडा तिला बघत असे. म्हातारीने तिच्या पायांकडे पाहिलं, पिंढरीला हात लावला आणि बाकावर जाऊन बसली. तिच्यामागे तिच्या दोन सुना. मग आणखी कुणी कुणी. बारा वाजून गेल्यावर सिस्टरांनी व्हायल फोडली. सगळा पाडा काही त्या दिवशी आला नाही, आणि आला असं मी सांगणारही नाही. पण पुढच्या सत्राला दारातून बघणारे कमी आणि व्हरांड्यात बसणारे जास्त होते.

ती 'मला काही झालं नाही' म्हणाली असती, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या तापाबरोबर तिचा शब्द पडला असता आणि आमचाही. लस म्हणजे काय हे तिने सांगितलंच नाही, ते काम सिस्टरांचं होतं. तिने फक्त स्वतःच्या अंगाचा दोन-तीन दिवसांचा हिशेब दिला. धावपटूला तो अचूक देता येतो, कारण आज पाय कसे आहेत हे ती रोज मोजत असते. खेळाडूकडे ही गोष्ट आपल्यापेक्षा जास्त आहे. तिच्याकडून हेच मागायचं.

आपल्या जिल्ह्यात या बाबतीत फार मोठं धन आहे. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवणारी कविता राऊत, सगळ्यांची सावरपाडा एक्स्प्रेस, त्याच पट्ट्यातली. चांदवडच्या तळेगाव रोहीत विहिरी खोदणारा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला एकट्याने नाव वल्हवायला गेला. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावातून नौकानयनपटू निघतो, तर त्या गावातल्या माणसाला त्याचं बोलणं आपल्या घरातलंच वाटणार. मुंबईतल्या ताऱ्याशी लोकांची ओळख असते ती एका बाजूने. तो आपल्याला ओळखत नाही, आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पाड्यावरच्या मुलीला म्हातारी पिंढरीला हात लावून बघू शकते. मालेगावचाही माझा अनुभव तोच. तिथल्या लसीकरणासाठी मोठमोठी नावं घेतली गेली. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांसाठी अभिनेता सलमान खानची मदत घेणार असल्याचं सांगितलं होतं. मी जिथे गेले तिथे मात्र मोहल्ल्यातला डॉक्टर आणि मशिदीतले मौलाना यांच्याच शब्दाला वजन होतं.

नाशिकच्या बुद्धिबळपटू विदित गुजराथीचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी देते. 'घरी बसा' हा संदेश देणं सोपं, पण घरी बसून करायचं काय? लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन बुद्धिबळाचे डाव थेट दाखवणाऱ्यांत आपला विदित होता. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली भारताने ऑनलाइन ऑलिंपियाडचं विजेतेपद रशियाबरोबर विभागून मिळवलं. माझ्या कॉलनीतल्या पोरांनी त्या उन्हाळ्यात बुद्धिबळाचे पट काढले. त्यातली किती गल्लीत जमायची थांबली ते मला मोजता येणार नाही, पण त्यांच्या आयांना थोडी उसंत मिळाली हे डोळ्यांनी पाहिलं.

खेळाडूला पुढे करण्याआधी त्याच्या शंका सोडवाव्या लागतात. आम्ही हे उशिरा केलं. खेळाडूला लसीबद्दल काही शंकाच नसतील असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मुलं हळूच विचारायची, "मॅडम, डोपमध्ये, उत्तेजकांच्या चाचणीत, येईल का हे?" साधी सर्दीची गोळी घेतानाही घाबरायचं असं त्यांना शिकवलेलं असतं, इंजेक्शन म्हटलं की धास्ती वाटणारच. सरावाचे दिवस जातील ही दुसरी भीती. तिसरी मोबाइलवरून आलेली. 12 जून 2021 ला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना मैदानावर कोसळला. चोवीस तासांत तो व्हिडिओ 'लसीचा परिणाम' म्हणून आपल्या गटांत फिरत होता. त्याने लस घेतलेलीच नव्हती, हे त्याच्या क्लबने सांगितलं होतं. हे खेळाडूंना आधी माहीत असायला हवं, कारण लोक तोच व्हिडिओ दाखवून त्यांना विचारणार. आणि एवढं सगळं समजावूनही एखाद्याचं मन तयार नसेल, तर त्याला आग्रह करू नका. मनात शंका ठेवून बोलणारा माणूस लोकांना लगेच कळतो.

खेळाडूकडून नुकसानही होतं. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुडी गोबेअर या बास्केटबॉलपटूने पत्रकार परिषद संपताना गंमत म्हणून समोरच्या सगळ्या माइकना हात लावला. दोनच दिवसांनी, 11 मार्चला, त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि त्या रात्री एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगचा अख्खा हंगाम थांबला. त्याने माफी मागितली, मदतही दिली, आणि हंगाम थांबल्याने तिथले लाखो लोक एका रात्रीत सावध झाले असतील. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने जून 2020 मध्ये बाल्कन देशांत प्रदर्शनी स्पर्धा भरवली, गर्दी जमवली. त्यातून तो स्वतः आणि आणखी काही खेळाडू बाधित झाले. धडधाकट शरीराला काही होत नाही, असा समज उच्च पातळीवरच्या खेळाडूत सहज रुजतो आणि त्याच्याकडे बघणाऱ्या पोरांत तो दुप्पट होतो. आपल्याकडे याचं रूप म्हणजे 'इम्युनिटी'. काढे, गोळ्या, चूर्णं, आणि त्यावर खेळाडूंचे फोटो. ज्याची अशी जाहिरात चालू आहे त्याला आरोग्य संदेशासाठी घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. यात मी तडजोड करत नाही.

त्याच धडधाकट शरीराच्या समजाशी जोडलेली एक गोष्ट आपल्या नाशिकच्या धावणाऱ्या आणि सायकलवाल्या मंडळींत फार दिसली. रिपोर्ट निगेटिव्ह आला की दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर दहा किलोमीटर. कोविडनंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज राहू शकते, म्हणून लक्षणं जाईपर्यंत पूर्ण विश्रांती आणि मग चालण्यापासून टप्प्याटप्प्याने सुरुवात करा, असं आम्ही सांगायचो. ऐकायचं कुणी? शेवटी ग्रुपमधल्या एका जुन्या मॅरेथॉनपटूने आजारानंतरच्या पहिल्या महिन्याची घड्याळातली नोंद टाकली: पहिला आठवडा फक्त चालणं, नाडी इतकी, छातीत धडधडलं म्हणून अर्ध्यातून परत. त्यानंतर इतरांनीही आपापल्या संथ नोंदी टाकायला सुरुवात केली. या बाबतीत नाशिक भाग्यवान आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू डॉक्टरच आहेत. डॉक्टर आणि खेळाडू एकाच माणसात मिळत असेल, तर उपचाराबद्दल बोलायलाही तो चालतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यती बंद झाल्या. ग्रामीण धावपटूंचा खुराक, बूट, प्रवास हे सगळं त्या बक्षिसांवर चालतं. अशा मुलांना आम्ही 'समाजकार्य' म्हणून फुकट बोलावत होतो, तेही स्वतःच्या खर्चाने एसटीने. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि अजून सलतं. नामवंत खेळाडूच्या चित्रीकरणाला खर्च होतो, मग पाड्यावर दिवसभर बसणाऱ्या मुलीला मानधन आणि जेवण का नको? आणि तिला एकटीला पाठवू नका. कुणी ओरडलं, नंतर मोबाइलवर शिव्या आल्या, तर तिच्या बाजूने उत्तर द्यायला आरोग्य खात्याचं माणूस सोबत हवं.

सर, तुमच्या शाळेच्या कबड्डी संघाबद्दल तुम्ही शेवटी लिहिलं होतं. पुढची साथ यायची वाट बघू नका. येत्या सिंहस्थात आपल्या जिल्ह्यात लाखो माणसं येणार. पाणी, जुलाब, ताप, गर्दी, सगळं येणार आणि तुमच्या भागातली बरीच माणसं कामाला त्र्यंबकला असणार. आत्ता तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, पाड्यांवरच्या सत्रांचे वार लिहून घ्या आणि त्या दिवशी माजी खेळाडू मुलामुलींपैकी एकाला सिस्टरांसोबत बसवा. बोलायला नको, ओळख होऊ दे. मुलांना सरावात पाण्याची बाटली उष्टी न करता वरून पाणी पिण्याची आणि ताप असला की मॅटवर न येण्याची सवय लावा. ताप असून खेळलेल्या मुलाचं कौतुक करायचं तेवढं थांबवा. हरसूलकडची ती धावपटू आता बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात आहे. तुमच्या शाळेत यायला तिला आवडेल का ते मी आधी तिलाच विचारते, हो म्हणाली तर तुमचं बोलणं करून देते. तिच्या येण्याजाण्याचं आणि मानधनाचं काय करायचं, तेवढं तुम्ही शाळेत आधी ठरवून ठेवा.